कोणता शेर, कोणता महिना?

गेल्या दिवाळीत आमच्या इंदूरच्या घरी एक वाद निघाला आणि तो भाऊबीज उलटून गेली तरी मिटला नाही. हैदराबादेहून चिरंजीव, सूनबाई आणि सात वर्षे पूर्ण झालेला नातू आले होते. नातवाला उंबऱ्यात पाहताच आमच्या सौभाग्यवतींच्या तोंडून उद्गार निघाला, "अगबाई, पोर किती वाळलंय!" सूनबाईंनी हलक्या आवाजात सांगितले की, तिकडच्या डॉक्टरांच्या मते मुलाचे वजन वयाच्या मानाने ठीक आहे, उलट पोटाचा घेर थोडा अधिकच आहे, तेव्हा फराळाच्या डब्यावर नजर असू द्या असे त्यांनी बजावले आहे. "आई, त्यांनी मोजूनच सांगितलंय," असेही त्या म्हणाल्या. त्यावर सौभाग्यवतींचे उत्तर तयार होते. "ह्याचा बाप ह्या वयात ह्याच्याहून दोन बोटं उंच होता आणि अंगानंही भरलेला होता. मला काय मोजून सांगतात?"

आम्ही मध्ये पडलो. घरात पुरावा आहे, तो पाहू या, असे आम्ही म्हणालो. आमची चूक झाली ती येथेच.

पुरावा म्हणजे दोन वस्तू. एक आमच्या माजघराच्या दाराची सागवानी चौकट. आमच्या आईने ह्या चौकटीवर घरातील प्रत्येक मुलाची उंची पेन्सिलीने आखून ठेवली. रेघेशेजारी नावाचे आद्याक्षर आणि वयाचा आकडा. घराला आजवर दोनदा रंग झाला, पण ती चौकट रंगाऱ्याच्या ब्रशातून दोन्ही वेळा वाचविली गेली. दुसरी वस्तू म्हणजे आईची लाल कापडी बांधणीची वही. तीत जन्म, बारसे, दात, देवी काढल्याची तारीख, क्वचित वजन, आणि मध्येच लोणच्याच्या मसाल्याचे प्रमाणही आहे.

नातवाला चौकटीला पाठ लावून उभे केले. त्याचे डोके बापाच्या ७ आकड्याच्या रेघेवर चांगले बोटभर गेले. सूनबाई काही बोलल्या नाहीत; नुसत्या हसल्या. सौभाग्यवतींनी मात्र रेघेकडे नव्हे, तर जमिनीकडे पाहिले आणि विचारले, "ही फरशी तेव्हाची आहे का?" प्रश्न बिनतोड होता. चिरंजीव शाळेत होते तेव्हा माजघरात जुनी शहाबादी फरशी होती. पुढे तीवरच आम्ही मोझेकच्या फरशा बसवून घेतल्या आणि जमीन दीड इंचाने वर आली. म्हणजे नातू दीड इंच उंच पाटावर उभा राहून बापाशी स्पर्धा करीत होता. ते दीड इंच वजा केले तर तो बापाच्या खाली येत होता. इतक्यात चिरंजीवांनाच शंका आली, "पण आजी ७ लिहायची म्हणजे सात पूर्ण, की सातवं लागलं?" आमच्या आईच्या पिढीत वय सांगताना चालू वर्ष सांगण्याचाच प्रघात होता. सातवे लागले असेल, तर रेघ ओढताना चिरंजीव सहाच वर्षांचे होते, आणि त्या वयात मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटरने वाढते. मग तर सौभाग्यवतींचेच म्हणणे खरे. किंबहुना त्यांनी सांगितले त्याहूनही अधिक खरे. आणि पायात त्या वेळी शाळेचे बूट होते की नव्हते? ते कोणास सांगता येईना.

वहीने तर आणखी गोंधळ केला. आमचे थोरले बंधू पहिलटकरणीच्या रिवाजाप्रमाणे आजोळी, म्हणजे ग्वाल्हेरीस, जन्मले. वर्ष १९४८. त्यांच्या जन्माची नोंद आईने माहेराहून आलेल्या पत्रावरून उतरून घेतली आहे: 'भाद्रपद वद्य पंचमी. बारशास साडेतीन शेर.' आता हा भाद्रपद कोणता? आपल्या मराठी पंचांगात महिना अमावास्येला संपतो. ग्वाल्हेर-माळव्याकडील पंचांगात तो पौर्णिमेला संपतो. म्हणून आपली गोकुळाष्टमी श्रावण वद्य अष्टमीची, आणि शेजारच्या शर्माजींची जन्माष्टमी भाद्रपद कृष्ण अष्टमीची, दिवस मात्र तोच. बंधूंचा जन्म शुक्ल पक्षात झाला असता तर प्रश्नच नव्हता. वद्य पक्षात झाल्यामुळे, पत्र लिहिणाऱ्या आजोबांनी कोणते पंचांग समोर ठेवले होते ह्यावर त्यांचे वय एक महिन्याने पुढेमागे होते. तीच गत शेराची. पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा. त्या हिशेबाने बाळ सव्वातीन किलोंचे. कच्चा शेर त्याहून पुष्कळ लहान, आणि तोही गावोगाव निराळा. कच्च्या शेराने हिशेब केला तर आमचे बंधू बाराव्या दिवशी जिवंत असण्याचाच संभव उरत नाही. ते आज अठ्ठ्याहत्तरीच्या उंबरठ्यावर असून आम्हाला दटावतात, ह्यावरून शेर पक्का होता असे अनुमान आम्ही काढले.

ही घरगुती फजिती इतक्या विस्ताराने सांगितली, ह्याचे कारण तिच्यापाठीमागे एक मोठा प्रश्न उभा आहे. आमचे हे बंधू आयुष्यभर अंगाने किरकोळच राहिले. तरी सेहेचाळिसाव्या वर्षी त्यांना मधुमेह निघाला. 'लठ्ठ माणसाचा रोग' असे तोवर आम्ही सारे समजत होतो. आपल्यापैकी कितीतरी घरांत हीच कथा आहे. किरकोळ देहाच्या माणसाला हा रोग का व्हावा, त्याचे बीज कधी पडते, हे समजायचे तर माणूस पाळण्यात असल्यापासून म्हातारा होईपर्यंत त्याच्या नोंदी हव्यात. आणि एका घराच्या नव्हे, हजारो घरांच्या. जगात अशा नोंदी ठेवणारी माणसे आहेत. एका ठरावीक काळात जन्मलेल्या बालकांचा गट घ्यावयाचा आणि जन्मभर त्यांच्या मागे राहावयाचे, अशा ह्या पाहण्यांना शास्त्रज्ञ 'कोहॉर्ट' म्हणतात. आपण जन्मगट म्हणू. एकेका जन्मगटाची चौकट आणि वही वेगळी. त्या एकमेकींशी जुळविताना त्या विद्वानांनाही फरशी, शेर आणि महिना ह्यांच्याशीच झगडावे लागते, हे आम्ही वाचले तेव्हा आम्हाला थोडे समाधानही वाटले.

ह्या प्रकारातील सर्वांत नामांकित वही ब्रिटनची. १९४६ च्या मार्च महिन्याच्या ३ ते ९ ह्या एका आठवड्यात इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंडमध्ये जी मुले जन्मली, त्यांच्या मातांना डॉ. जेम्स डग्लस ह्यांच्या पुढाकाराने प्रश्न विचारण्यात आले. १३,६८७ मातांची माहिती मिळाली. बाळंतपणाला खर्च किती आला, हाही त्यांतला एक मुख्य प्रश्न होता. पुढे त्यांतील ५,३६२ बालके निवडून त्यांचा पाठपुरावा सुरू झाला, तो ती माणसे ऐंशीच्या घरात येईपर्यंत चालू राहिला. १९५८ मध्ये पुन्हा मार्चचा एक आठवडा, १९७० मध्ये एप्रिलचा एक आठवडा, प्रत्येक वेळी सतरा हजारांवर बालके. नव्वदीच्या आरंभी ब्रिस्टल शहराच्या परिसरात एक गट, आणि नव्या शतकाच्या तोंडाशी आणखी एक. अशा पाच पिढ्यांच्या पाच वह्या तयार झाल्या. त्या एकमेकींस लावून वाचता आल्या तर एका राष्ट्राचे शरीर अर्ध्या शतकात कसे बदलले ते दिसावे. ह्या कामासाठी २०१२ मध्ये लंडनला 'क्लोजर' नावाचा एक खास उपक्रमच सुरू झाला.

वह्या उघडल्या आणि पहिलीच अडचण डग्लससाहेबांच्या निवडीची निघाली. हाताशी पैसा थोडा, म्हणून त्यांनी पगारी नोकरदारांची आणि शेतमजुरांची मुले सगळी घेतली. पण इतर श्रमिकांच्या चार मुलांमागे एकच घेतले. जुळी आणि विवाहबाह्य संबंधांतून झालेली मुले वगळली. १९५८ च्या गटात असे काही गाळलेले नाही. तेव्हा दोन्ही गटांची सरासरी जशीच्या तशी शेजारी मांडली, तर १९४६ ची पिढी होती त्याहून अधिक सुखवस्तू दिसावयाची. उपाय असा की, श्रमिकाच्या घरच्या प्रत्येक मुलाला हिशेबात चार मुलांचे वजन द्यावयाचे. वगळलेली मुले मात्र कोणत्याही गुणाकाराने परत येत नाहीत.

पुढची अडचण फरशीची. वजने कोठे स्टोन-पौंडांत तर कोठे किलोंत. त्याला गणित पुरते. पण काही वयांत परिचारिकेने मुलाला उभे करून मापले आहे, आणि काही वयांत माणसांनी स्वतःच टपालाने किंवा तोंडी आपली उंची व वजन कळविले आहे. माणूस स्वतःची उंची सांगताना थोडी वाढवतो आणि वजन सांगताना थोडे उतरवतो. हा दोष सर्व देशांत सारखाच आढळतो, आणि आमच्या अनुभवाप्रमाणे लग्नाच्या पत्रिकेसोबत जाणाऱ्या माहितीत तर हमखास. सांगितलेला आणि मापलेला आकडा एकाच रकान्यात बसविण्यापूर्वी त्याच्या कपाळावर तशी खूण करून ठेवावी लागते.

तथापि खरी कसोटी लागते ती अर्थाची. इंग्लंडमध्ये शाळा सोडण्याचे किमान वय १९४७ मध्ये १५ झाले आणि १९७२ मध्ये १६ झाले. १९४६ साली जन्मलेल्या मुलाने पंधराव्या वर्षी शाळा सोडली तर त्याने चारचौघांसारखेच केले. १९५८ साली जन्मलेल्या मुलाला तशी मुभाच नव्हती. 'किमान वयापर्यंतच शिकलेला' हा शेरा दोन्ही वह्यांत आहे. त्याचा अर्थ दोन्हीकडे एक नाही. आपल्याला हे समजावयास लंडनला जाण्याची गरज नाही. आमची आत्या व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी, उत्तीर्ण होती आणि तेवढ्यावर ती जन्मभर शाळेत शिक्षिका होती. आजच्या सातवी उत्तीर्ण मुलीच्या शेजारी तिचे नाव एका रकान्यात लिहिले तर आकडा जुळेल, पण आत्या हरवेल. म्हणून काही वेळा ही मंडळी इयत्ता मोजण्याचे सोडून त्या त्या पिढीत माणूस कितव्या पायरीवर होता ते मोजतात. संपत्तीचेही तसेच. एका पिढीत घरात स्नानगृह असणे हे ऐपतीचे लक्षण, पुढच्या पिढीत ते सर्वांकडे आले; तेव्हा वस्तू मोजून उपयोग नाही, शेजाऱ्यांच्या मानाने घर कोठे आहे ते पाहावयाचे.

आणि जे विचारलेच नाही त्याला तर इलाज नाही. १९५८ च्या पाहणीत गरोदर स्त्री धूम्रपान करते का, हा प्रश्न होता, आणि त्या नोंदींतून धूम्रपान करणाऱ्या मातांची बाळे वजनाने कमी भरतात ही गोष्ट ठळकपणे पुढे आली. १९४६ मध्ये हा प्रश्न कोणाच्या मनातही आला नव्हता; सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग ह्यांच्या संबंधाचे गाजलेले संशोधनदेखील १९५० मधले. बाळंतपणाच्या खर्चाचा हिशेब आहे, धुराचा नाही. त्या काळाला ज्याची काळजी वाटली ते त्या काळाने लिहून ठेवले.

एवढी चाळणी लावल्यावर पाचही वह्यांत सारखे उरले ते थोडेच, आणि त्यांत मुख्य म्हणजे उंची आणि वजन. परंतु त्या थोड्यातूनही काय निघाले ते पाहावे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाचही गटांतील ५६,६३२ माणसांची दोन लाख त्र्याहत्तर हजारांहून अधिक मोजमापे एका सूत्रात ओवली गेली. १९४६ मध्ये जन्मलेला मधल्या फळीतील पुरुष ४१ व्या वर्षी जादा वजनाच्या रेषेपलीकडे गेला होता. १९५८ चा ३३ व्या वर्षी, आणि १९७० चा ३० व्याच वर्षी. स्त्रियांत हीच वये ४८, ४४ आणि ४१ अशी. १९८० नंतर जन्मलेल्या मुलांना दहा वर्षांची होईपर्यंत वजन बेताबाहेर जाण्याचा धोका आधीच्यांच्या दुप्पट-तिप्पट. हे चित्र कोणत्याही एका वहीत नव्हते.

आता आपल्याकडे वळू. आपल्याकडे अशा वह्या नाहीत, हा समज खरा नव्हे. दक्षिण दिल्लीत १९६९ ते १९७२ ह्या काळात जन्मलेल्या ८,१८१ बालकांची नोंद झाली आणि ती मोठी होईपर्यंत ठरावीक अंतराने त्यांची उंची व वजन मापले गेले. त्यांतील सुमारे दीड हजार माणसे तिशीच्या आसपास असताना त्यांची रक्तशर्करा तपासली गेली. ज्यांची शर्करा बिघडलेली निघाली ती लहानपणी गुटगुटीत होती असे नव्हे. ती पहिल्या दोन वर्षांत किडकिडीतच होती. पुढे वय वाढत गेले तसे त्यांचे अंग मात्र भराभर भरत गेले. हा निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. तो वाचताना आमच्यासमोर आमचे बंधू उभे राहिले, हे सांगावयास नको.

दिल्लीची ही वही पुढे चार परक्या वह्यांना जोडली गेली. ब्राझीलमधील पेलोतास शहराची १९८२ ची, ग्वाटेमालातील खेड्यांची, फिलिपाइन्समधील सेबूची आणि दक्षिण आफ्रिकेतील सोवेटोची. पाच देश, पाच भाषा, बालकांना मापण्याची वयेही निरनिराळी. सर्वांची उंची व वजन जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या वाढीच्या कोष्टकावर नव्याने मांडून 'वयाच्या मानाने किती उणे-अधिक' अशा एकाच भाषेत आणले गेले. २००८ मध्ये त्यांतून कळले ते असे: दुसऱ्या वर्षी ज्याची उंची खुंटलेली, तो मोठेपणी बुटका राहतोच, शिवाय तो कमी शिकतो, कमी कमावतो, आणि मुलगी असेल तर पुढे तिचे बाळही कमी वजनाचे निपजते. पाच दूरदूरच्या गावांनी एकच साक्ष दिली, म्हणून तिला वजन आले. एका गावाने दिली असती तर 'तिथले पाणीच तसे' म्हणून आपण मोकळे झालो असतो. ह्यांत पेलोतासकरांची दूरदृष्टी विशेष म्हटली पाहिजे. त्यांनी त्याच शहरात १९९३, २००४ आणि २०१५ मध्ये नवनवे गट घेतले. पुढे जुळविण्याची पाळी यावयाची आहे हे धरूनच त्यांनी मापले.

ही बारीकसारीक जुळवाजुळव कशासाठी, असे एखाद्या वाचकाला वाटेल. त्यासाठी आमच्या नातवाच्या गावाकडचेच उदाहरण देतो. हैदराबादेजवळच्या २९ खेड्यांत १९८७ ते १९९० ह्या काळात एक पाहणी झाली. काही गावांत गरोदर स्त्रियांना आणि सहा वर्षांखालील मुलांना पूरक आहार मिळाला, उरलेल्या गावांत तो तोवर पोहोचला नव्हता. ती मुले तेरा ते अठरा वर्षांची झाल्यावर पुन्हा मापली गेली. आहार मिळालेल्या गावांतील मुले सरासरीने १४ मिलिमीटर अधिक उंच निघाली, आणि त्यांच्या शरीरावर इन्सुलिनचा परिणामही अधिक चांगला होत होता. १४ मिलिमीटर! म्हणजे वहाणेच्या टाचेइतके. एका गावात मुले अनवाणी मापली आणि दुसऱ्यात पायताणांसह, एवढा फरक राहिला असता तर मूठभर पौष्टिक आहाराचे सारे पुण्य त्या टाचेखाली दडपून गेले असते. आमच्या माजघराची फरशी तर ह्याच्या अडीचपटीहून जाड.

माप सारखे ठेवले म्हणजे केवढे दिसते, ह्याचा आम्हाला सर्वांत आवडलेला दाखला मात्र पुण्याचा. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत नवविवाहित व तरुण स्त्रियांची नोंद घेण्यास आरंभ केला, म्हणजे बाळ पोटात येण्याच्याही आधीपासून. ह्या माता शेतात राबणाऱ्या, सरासरी वजन ४५ किलोंच्याही आत. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोंची. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बाळे ३.५ किलोंची. एवढेच आकडे शेजारी ठेवले असते तर निकाल उघड होता: आपले बाळ किरकोळ, त्याला खाऊ घालून वाढवा. परंतु दोन्हीकडे वजनापाशी कोणी थांबले नव्हते. लांबी, डोके, दंड, पोट, आणि चिमट्यासारख्या कॅलिपरने धरलेली पाठीच्या फऱ्याखालची त्वचेची घडी, हे सारे दोन्ही ठिकाणी मापले गेले होते. पुण्याचे बाळ पोटाच्या घेरात आणि दंडात, म्हणजे आतील इंद्रिये व स्नायू ह्यांत, फार मागे होते. फऱ्याखालच्या घडीत मात्र ते साउदॅम्प्टनच्या बाळाच्या जवळजवळ आले. तीत चरबी असते. दिसावयास वाळलेले, पण आत चरबी राखून असलेले हे बाळ! ह्या निरीक्षणाला 'सडपातळ तरी स्थूल' बाळ असे नाव मिळाले आणि ते जगभर गेले.

ह्याच याज्ञिकांचे आणखी एक प्रसिद्ध उदाहरण आहे. ते आणि त्यांचे लंडनचे स्नेही प्राध्यापक जॉन युडकिन ह्यांचे छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे किलोंतील वजनाला मीटरांतील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन ह्यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. मोजणाऱ्याची चूक नाही, तागडी खरी, एककही एकच. आणि तरी त्या एका आकड्याचा अर्थ दोन देहांत दोन. पाच ब्रिटिश वह्या जुळविताना जो आकडा सर्वांना समान म्हणून हाती उरला होता, तोच येथे येऊन अपुरा पडला. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी २५ ऐवजी २३ पासूनच सावध राहावे, असे सुचविले. हजारो माणसांचे आकडे एका ढिगात ओतले की सत्य आपोआप वर येते, अशी एक भाबडी श्रद्धा अलीकडे वर्तमानपत्रांतून फार दिसते. आम्हाला ती मान्य नाही. ढीग करण्याआधी कोणीतरी एकेक शेर हातात घेऊन 'हा कोणत्या गावचा?' असे विचारलेले असावे लागते. हे काम कंटाळवाणे आहे आणि ते करणाऱ्यांची नावे कोठे मोठ्या अक्षरांत छापली जात नाहीत.

घरच्या वादाचे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. पाडव्याच्या दुपारी आम्ही कागद घेऊन बसलो. फरशीचे दीड इंच वजा केले. वयाच्या शंकेसाठी दोन्ही शक्यता धरून दोन उत्तरे काढली. सात पूर्ण धरले तर नातू बापाहून बोटभर कमी. सातवे लागलेले धरले तर चार बोटे कमी. दोन्हींत सौभाग्यवतीच जिंकल्या, पण वजनाच्या बाबतीत बापाची नोंदच वहीत सापडली नाही. 'भरलेला होता' ह्याला पुरावा एका छायाचित्राचा, आणि त्यात त्याने स्वेटर घातलेला. शेवटी सूनबाईंनी डॉक्टरांचे कार्ड आणून पोटाच्या घेराचा आकडा दाखविला आणि पुण्याच्या बाळांची हकीकत आम्ही सांगितली. सौभाग्यवतींनी ती शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाल्या, "म्हणजे वाळलंय हेही खरं आणि घेर जास्त हेही खरं?" आम्ही होय म्हणालो. करंज्यांचा डबा त्यांनी फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवला. शेंगदाणे आणि पेरू मात्र खालीच राहू दिले.

निघण्याच्या दिवशी सकाळी नातवाला पुन्हा चौकटीशी उभे केले. रेघ सूनबाईंनी ओढली आणि शेजारी बारीक अक्षरांत लिहिले: इंग्रजी तारीख, वय सात पूर्ण, अनवाणी, नवी फरशी. तेवढ्यात त्याचे लक्ष खाली असलेल्या एका पुसट रेघेकडे गेले. तिच्याशेजारी ३ असा आकडा आहे, आणि त्या आद्याक्षराची दुसरी रेघ चौकटीवर कोठेही नाही. ती आमची धाकटी बहीण. विषमज्वराने गेली. डग्लससाहेबांच्या वहीतूनही दर फेरीला माणसे कमी होत गेली. कोणी परदेशी गेले, कोणी उत्तर देण्याचे सोडले, कोणी वारले, आणि गळालेली माणसे राहिलेल्यांसारखीच होती असे धरता येत नाही, हा त्या शास्त्रातील मोठाच पेच आहे. आमच्या चौकटीवरून कोणी सरासरी काढली तर आमचे घराणे होते त्याहून धडधाकट निघेल, कारण वरच्या सगळ्या रेघा वाचलेल्यांच्या आहेत. "ही कुणाची, आजोबा?" असे नातवाने विचारले. आम्ही सांगितले. त्याने पेन्सिल मागून घेतली आणि त्या आद्याक्षरापुढे उरलेली अक्षरे आम्हाला विचारून विचारून भरली. त्यांतले एक उलटे पडले आहे. ते तसेच ठेवले.